पारा, पदवीधर आणि संचालकाची खुर्ची

प्रश्न : माझा मुलगा यंत्र अभियांत्रिकीचा प्राध्यापक असून उष्णता संक्रमण हा त्याचा विषय आहे. विद्यापीठाने त्याला अधिष्ठातापद देऊ केले आहे, परंतु ‘इतकी वर्षे प्रयोगशाळेत घालवून आता फायलींवर सह्या करायच्या का?’ असे तो विचारतो. अभियंत्याची विद्या अशा पदावर वाया जाते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा विषय वाचून डॉ. सुहास सुखात्मे यांचेच नाव प्रथम आठवले. बनारस हिंदू विश्वविद्यालयातून १९५८ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी, १९६४ मध्ये अमेरिकेत एमआयटीची डॉक्टरेट, लगेच १९६५ मध्ये पवईच्या आयआयटीत अध्यापन आणि १९९५ ते २००० या काळात त्याच संस्थेचे संचालकपद, असा त्यांचा प्रवास आहे. काटेकोरपणे बोलायचे तर आयआयटीचा संचालक म्हणजे विद्यापीठाचा अधिष्ठाता नव्हे. पण नेमणुका, अभ्यासक्रम, निधी आणि वसतिगृहांच्या तक्रारी हा व्याप दोघांनाही चुकत नाही.

त्यांचे डॉक्टरेटचे संशोधन पाऱ्याच्या वाफेवर होते. थंड पृष्ठभागावर वाफ निवली की द्रवाचा पातळ थर साचतो आणि उष्णतेला अडथळा मुख्यतः त्या थराचाच होतो, असे जुने गणित सांगते. पाण्याच्या वाफेला ते उत्तम लागू पडते. पारा मात्र उष्णतेचा इतका चांगला वाहक आहे, की त्याच्या थराचा अडथळा फारच कमी राहतो आणि वाफ व द्रव यांच्या सीमेवरचा, एरवी हिशेबातही न धरला जाणारा अडथळा ठळक होतो. त्यातच वाफेत हवेचा थोडा अंश राहिला तरी आकडे फसवे येतात, म्हणून असे मोजमाप फार जपून करावे लागते.

मोजण्याची ही सवय त्यांनी प्रयोगशाळेपुरती ठेवली नाही. ‘आयआयटीची मुले सगळी परदेशी जातात’ हे वाक्य त्या काळी सर्रास ऐकू येई. सुखात्मे यांनी सहकाऱ्यासह मुंबई आयआयटीच्या १९७३ ते १९७७ मधील पदवीधरांचा माग काढला, तेव्हा सुमारे ३१ टक्के परदेशी स्थायिक झाल्याचे दिसले. दहांपैकी तीन म्हणजे काही कमी नव्हेत, पण ‘सगळी’ही नव्हेत, धोरण आखणाऱ्याला हा फरक माहीत असलेला बरा.

पुढे गंमत अशी झाली, की ज्याने गेलेल्यांची मोजदाद केली, त्याच्याच संचालकपदाच्या काळात परदेशातील माजी विद्यार्थ्यांकडून संस्थेकडे मोठ्या देणग्या येऊ लागल्या. १९६७ चे पदवीधर आणि अमेरिकेतील उद्योजक कंवल रेखी यांच्या देणगीतून पवईत माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र शाळा उभी राहिली. देणगीने गेलेल्या माणसांची भरपाई होते, असे मला वाटत नाही. इमारत उभी राहते, पण तिच्यात शिकवणारा शेवटी इथेच थांबलेला असावा लागतो.

म्हणून माझे मत असे, की विद्या वाया जात नाही. वेळ मात्र जातो आणि तो तोटा खरा आहे. बैठकीत कोणी ‘विद्यार्थी वर्गात येतच नाहीत’ म्हणाले, तर ‘किती, कोणत्या विषयाला, कोणत्या तासाला?’ असे विचारणारा अधिष्ठाता कार्यालयाला हवाच असतो. सुखात्मे यांचा मूळ विषयही सुटला नाही. संचालकपदानंतर २००५ पर्यंत त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. त्यानंतर २०११ मध्ये भारताची भावी विजेची गरज अक्षय स्रोतांतून कितपत भागेल, याचा अंदाज त्यांनी प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो स्वतःच सुधारून मांडला.

चिरंजीवांनी होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : पदाची निश्चित मुदत आणि आठवड्यातून किमान एक विषय शिकवण्याची मुभा. पीएच.डी.चे विद्यार्थी हाताशी असतील, तर त्यांची भेटीची वेळ बैठकांच्या तक्त्यात आधी लिहावी आणि मगच बाकीच्या बैठका.