लाँगयरब्येन ते उत्कियाग्विक: विमानाने अंतर किती, वेळ किती?

अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर, म्हणजे १,८२४ सागरी मैल. जेटला साडेचार तास. पण असं थेट विमान नाही, त्यामुळे हा आकडा प्रवासाला निरुपयोगी आहे.

आधी अंतराचं बघू, कारण सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयरब्येन ७८.२५ अंश उत्तर, अलास्काचं उत्कियाग्विक (जुनं बॅरो) ७१.२९. रेखांशांत १७२ अंशांचा फरक, म्हणजे दोन्ही गावं उत्तर ध्रुवाच्या दोन बाजूंना जवळजवळ समोरासमोर. ९० मधून दोन्ही अक्षांश वजा करा: ११.७५ आणि १८.७१. बेरीज ३०.४६, एका अंशाचे ६० सागरी मैल, म्हणून गुणिले ६०: १,८२८. रेखांशांचा फरक पुरता १८० नाही, म्हणून चारेक मैल कमी. ही वाट ध्रुवापासून जेमतेम ११० किलोमीटरवरून जाते. नकाशावर आडवी रेघ मारून मोजलंत तर पाच हजारांच्या आसपास जाल.

हाच टप्पा १९२८ च्या एप्रिलमध्ये उलट्या दिशेने उडून झालाय. ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन, एका इंजिनाचं लॉकहीड व्हेगा विमान, बॅरोहून निघून २० तास २० मिनिटं हवेत. स्वालबार्डला पोचले तेव्हा वादळ, म्हणून एका निर्मनुष्य बेटावर उतरले आणि पाच दिवस तिथेच अडकले. तिथून निघताना विमानाच्या स्की (बर्फावर घसरायच्या पट्ट्या) बर्फात रुतल्या. विल्किन्सनी बाहेरून ढकललं, विमान सुटलं आणि ते खालीच राहिले. आयल्सनना परत उतरावं लागलं. मग कुठे स्वालबार्डमधली ग्रीन हार्बर ही वस्ती. उड्डाण वीस तासांचं, प्रवास जवळपास आठवड्याचा. अंतर भागिले वेग म्हणजे प्रवासाचा वेळ, असं सांगणाऱ्यांनी हे एवढंच वाचावं.

आजही तेच. ऑस्लो, केफ्लाविक, सीॲटल, अँकरेज असं गेलात तर सुमारे १३,००० किलोमीटर, थेट अंतराच्या जवळपास चौपट. हवेत एकोणीसेक तास, मधल्या थांब्यांसह दीड-दोन दिवस धरा. स्वालबार्ड शेंगेनबाहेर (शेंगेन म्हणजे युरोपातला आपसात पासपोर्ट तपासणी नसलेला देशांचा गट), म्हणून मुख्य नॉर्वेत उतरताना पासपोर्ट तपासणी. सीॲटलला इमिग्रेशन, आणि सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करायचं. तिथे तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. तिकिटं वेगवेगळी काढलीत तर पहिलं विमान चुकल्यावर पुढचं सगळं तुमच्या खिशातून. दोन्ही टोकांना धुकं आणि वारा विमानं अडवतात, म्हणून एक रात्र अँकरेजला राखीव ठेवा.

घड्याळाचं राहिलं: उत्कियाग्विक १० तास मागे. थेट विमान असतं तर दुपारी बाराला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरला असता. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही दिवस हा फरक ९ तासांचा होतो, कारण अमेरिका आणि युरोप घड्याळं वेगवेगळ्या तारखांना बदलतात. वेळापत्रकंही ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा वरचा मार्ग तुमच्या तारखेला ताडून बघा.