वाचकांचे प्रश्न : जीसीएसईला धर्माभ्यास घ्यावा का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलगी इयर नाइनमध्ये (वय १३-१४) आहे आणि जीसीएसईचे, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेचे, ऐच्छिक विषय आता ठरवायचे आहेत. तिला रिलिजस स्टडीज (धर्माभ्यास) घ्यायचा आहे. तिच्या बाबांना मात्र ती ख्रिस्ती धर्माची शिकवणी वाटते, आणि डॉक्टर व्हायला त्याचा उपयोग काय, असेही ते विचारतात. आमच्या घरी रोज देवपूजा होते. तिला या विषयापासून दूर ठेवावे का? – एक आई

उत्तर : आपल्या यजमानांची शंका निराधार नाही, पण ती जुनी आहे. १९४४च्या कायद्याने इंग्लंडमधील शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा त्याचा अर्थ बव्हंशी बायबलचा अभ्यास असाच होता. १९८८च्या कायद्याने इतर प्रमुख धर्मांची दखल घेणे आवश्यक केले आणि २०१६पासून शिकवल्या जाणाऱ्या जीसीएसई अभ्यासक्रमात दोन धर्म अभ्यासावेच लागतात. एक्यूए मंडळाच्या ‘ए’ अभ्यासक्रमात त्यासाठी हिंदू धर्माचाही पर्याय आहे. मात्र कोणते दोन धर्म शिकवायचे, हे बहुधा शाळाच ठरवते.

एक्यूएच्या परीक्षेत या विषयाचा खरा कस लागतो तो बारा गुणांच्या प्रश्नात. तिथे एक विधान दिलेले असते. समजा, ‘इच्छामरणाची मुभा कधीही देऊ नये.’ विद्यार्थ्याने त्याच्या बाजूने आणि विरुद्ध युक्तिवाद मांडायचे, त्यांना धर्मविचाराचा आधार द्यायचा आणि मग सकारण निष्कर्ष काढायचा. आपली मुलगी एका बाजूला अहिंसा आणि कर्मफळ भोगूनच संपवावे हा विचार लिहील. पण १९२८ साली साबरमती आश्रमात यातनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मरण दिले गेले आणि त्यांनी त्याचे समर्थन अहिंसेच्याच आधारे केले, हे दुसऱ्या बाजूला कसे बसवायचे, याचा तिला विचार करावा लागेल. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला, त्याला इच्छामरण म्हणायचे की प्रायोपवेशन (अन्नत्याग करून मरण स्वीकारण्याचे व्रत)? (यावर आपल्या घरी जेवणाच्या टेबलावरही एकमत होईल, असे वाटत नाही.) शेजारच्या बाकावरची ख्रिस्ती मुलगी जीवन ही ईश्वराची देणगी आहे असे म्हणेल, आणि तेही आपल्या मुलीला तितक्याच नेटकेपणाने मांडता आले पाहिजे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडण्याची जी शिस्त होती, तीच ही. परीक्षेतले निम्मे गुण माहितीला आणि निम्मे विश्लेषण व मूल्यमापनाला असतात. श्रद्धेला गुण नसतात, अश्रद्धेलाही नसतात.

वैद्यकीय प्रवेश मुख्यतः रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रावर ठरतो, हे खरेच. तरीही त्या मुलाखतींत रुग्णाची संमती, गोपनीयता, उपचार नाकारण्याचा हक्क अशा पेचांवर प्रश्न येतात, आणि तिथे हा सराव कामी येतो.

शाळेतल्या सक्तीच्या धर्मशिक्षणातून पाल्याला पूर्णतः किंवा अंशतः काढून घेण्याचा कायदेशीर हक्क पालकांना आहे. मी आपल्या जागी असते तर तो वापरला नसता. अर्ज भरण्यापूर्वी शाळेला परीक्षा मंडळ कोणते आणि दोन धर्म कोणते एवढे मात्र अवश्य विचारावे, आणि एखादी जुनी प्रश्नपत्रिका घरी आणून बारा गुणांचा एक प्रश्न बापलेकीने मिळून सोडवावा; विधानाच्या बाजूने मुलीने लिहावे, विरुद्ध बाजूने बाबांनी.