तो विचारतोय ना, मग सांग की

*ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा चांगला आहे, तशी तक्रार नाही, पण मला ज्या सिनेमांचं वेड आहे त्यात त्याला शून्य रस. हळू चालणारे, प्रेमाबद्दलचे, नंतर दोन दिवस डोक्यातून न जाणारे असे सिनेमे मला आवडतात. वर्षभरात असे अकरा त्याला दाखवले, एकही त्याने पूर्ण पाहिला नाही, विसाव्या मिनिटाला मान पडते. गेल्या बुधवारी 'आसा जाओआर माझे' हा बंगाली सिनेमा लावला होता. शेवटाकडे मी रडत होते आणि हा शेजारी घोरत होता. वर सकाळी बूट घालताना विचारतो, "मग काय झालं गं, भेटले का ते दोघं?" मी म्हटलं, झोपायचं नव्हतं ना, आता तूच बघ. दर वेळी हेच. कधीकधी वाटतं मी चुकीच्या माणसाशेजारी बसलेय. मला फारसे माहीत नसलेले, रोमँटिक पण विचार करायला लावणारे पाच-सहा सिनेमे सुचवा, ज्यात तो झोपणार नाही.*
*— एकटीच बघणारी*

अगं एकटीच बघणारी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बुटांपाशी येऊन थांबले. घोरणं, विसावं मिनिट, चुकीचा माणूस हे सगळं जरा बाजूला ठेव. सकाळी बूट घालताना तो विचारतो, भेटले का ते दोघं. हे तू त्याच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून लिहिलंयस आणि मला ते वाचून तुझा राग आला, खरंच सांगते.

दर वेळी हेच, असं तूच लिहितेस. म्हणजे अकरा सिनेमे, अकरा सकाळी. दहा वेळा तू "तूच बघ" म्हणून त्याचं तोंड बंद केलंस तरी अकराव्या वेळी तो परत विचारतो. ज्याला शून्य रस आहे तो माणूस एकदा विचारेल, दोनदा विचारेल, तिसऱ्यांदा बूट घालून निघून जाईल. याला रस आहे गं. त्याला तो सिनेमा तुझ्याकडून हवाय आणि तू देत नाहीयेस.

आणि वाचकांना हे माहीत नाही म्हणून सांगते, तुझं मूळ पत्र लांब होतं, मी वर कापून छापलंय. त्यात 'आसा जाओआर माझे'वर पाऊण पान होतं. बाई दिवसा कारखान्यात, पुरुष रात्री छापखान्यात, एक घरी येतो तेव्हा दुसरी बाहेर असते, दोघांत बोलणं असं नाहीच, एकाने करून ठेवलेलं काम दुसऱ्याला घरात सापडतं तेवढाच काय तो संवाद, आणि मग शेवटाकडे ती थोडीशी मिनिटं आणि तो जंगलातला पलंग. हे तू इतकं सुंदर लिहिलंयस की मी २०१४ चा हा सिनेमा परत काढून बघितला. मी तुझी कोण? नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, अशा बाईला तू पाऊण पान भरून सांगितलंस आणि ज्याने विचारलं त्याला दोन शब्द.

अजून एक बोलतेच. त्या सिनेमातला नवरा दिवसा झोपलेला असतो, कारण रात्रभर छापखान्यात काम करून आलेला असतो. ती झोप तुला पडद्यावर केवढी हळवी वाटली! तुझ्या शेजारी कोचावर तसाच एक दमलेला माणूस झोपला होता आणि त्याचं घोरणं तुला अपमान वाटलं. तो किती वाजता घरी येतो, किती वाजता निघतो, हे पत्रात कुठेच नाही. सिनेमातल्या माणसाच्या कामाच्या वेळा मात्र तुला पाठ आहेत.

तू म्हणशील, शेवट सांगितला की सिनेमाची मजा जाते, मग तो कधीच बघणार नाही. हे मला अजिबात पटत नाही. मारेकरी कोण असल्या सिनेमांचं ठीक आहे, पण तुला आवडतात ते सिनेमे शेवटावर उभेच नसतात. डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर' बघितलायस? १९४५ चा आहे, जेमतेम दीड तासाचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्याची सुरुवातच शेवटाने होते. स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत एक बाई आणि एक पुरुष बसलेत, तेवढ्यात तिची एक बडबडी ओळखीची बाई येऊन टेबलावर बसते, त्याची गाडी येते, तो उठतो, तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. आपल्याला काहीच कळत नाही. मग सगळी गोष्ट उलगडते आणि तोच प्रसंग परत येतो, आणि आता त्या खांद्यावरच्या हाताने जीव अर्धा होतो, कारण ती त्यांची कायमची शेवटची भेट असते आणि त्या बडबड्या बाईमुळे त्यांना नीट निरोपसुद्धा घेता आलेला नसतो. लीनने शेवट आधीच दाखवून टाकला, काय बिघडलं सांग.

आता तू मागितलेली नावं. ती देते, पण तो झोपणार नाही म्हणून देत नाहीये, तसा सिनेमा कुणालाच सांगता येणार नाही, दमलेला माणूस युद्धाच्या सिनेमातही झोपतो. हे सिनेमे तू बघायचेस आणि त्याला सांगायचेत. सांगायला चांगले आहेत म्हणून निवडलेत.

'ब्रीफ एन्काउंटर'पासूनच सुरू कर, कारण त्यात एक नवरा आहे. फ्रेड नाव त्याचं. लॉरा, म्हणजे ती बाई, दर गुरुवारी खरेदीला आणि सिनेमाला म्हणून शहरात जाते आणि तिथे एका विवाहित डॉक्टरच्या प्रेमात पडते. फ्रेड घरी शब्दकोडं सोडवत असतो. पहिल्यांदा बघताना वाटतं काय हा रटाळ माणूस, बायकोच्या मनात वादळ चाललंय आणि याला कोड्यातला शब्द अडलाय. कवितेतली ओळ असते, तो तिलाच विचारतो आणि ती सांगते तो शब्द असतो रोमान्स. सगळा सिनेमा म्हणजे लॉरा खुर्चीत बसून मनातल्या मनात फ्रेडला सांगतेय अशी गोष्ट आहे. हे समजून घेईल एवढा शहाणा आणि मायाळू माणूस जगात तोच एक, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नाही असं तिला वाटतं. शेवटी फ्रेड तिच्याजवळ येतो. ती फार लांब गेली होती एवढं त्याला कळलेलं असतं, आणि परत आल्याबद्दल तो तिचे आभार मानतो. किती कळलं होतं, कधीपासून कळलं होतं, काही सांगत नाहीत. मी हा सिनेमा तरुणपणी पाहिला तेव्हा डॉक्टरसाठी रडले होते. आता फ्रेडसाठी रडते. लॉराला सांगणं शक्य नव्हतं, तिचं गुपित तसं होतं. तुझं कसलं गुपित आहे की तू गप्प बसावंस?

मग '४५ इयर्स', अँड्र्यू हेगचा, २०१५. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार, शनिवारी पार्टी, आणि त्या आठवड्यात नवऱ्याला एक पत्र येतं. तरुणपणी स्वित्झर्लंडच्या डोंगरात पडून गेलेल्या त्याच्या प्रेयसीचं प्रेत बर्फात सापडलंय, इतक्या वर्षांनी, तशीच तरुण. टॉम कोर्टनी आणि शार्लट रॅम्पलिंग, दोघांनाही बर्लिनला अभिनयाचं बक्षीस मिळालं ते उगीच नाही. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ती त्याला थोडं थोडं विचारते, तो थोडं थोडं सांगतो. ती जगली असती तर लग्न केलं असतंस का, असंही विचारते, आणि तो हो म्हणतो. मोठी भांडणं नाहीत, ताटं फुटत नाहीत. बाई एकदा माळ्यावर चढते आणि जुन्या स्लाइड्स बघते तेवढ्यानं सगळं घर हलतं. तिला लागतं ते त्या मेलेल्या मुलीपेक्षा, इतकी वर्षं आपल्याला हे माहीतच नव्हतं, याचं. हा सांगताना घाई करू नकोस, दोन-तीन दिवस लागू देत.

'पास्ट लाइव्ज' २०२३ चा आहे, सेलीन साँगचा, त्याचं नाव तू ऐकलं असशील. सगळे त्यातल्या नायिकेच्या लहानपणच्या कोरियन मित्राबद्दल बोलतात. तू तिच्या अमेरिकन नवऱ्याकडे बघ, आर्थरकडे. बायको झोपेत फक्त कोरियन बोलते आणि त्याला ते कळत नाही, तिच्या आत एक अशी जागा आहे जिथे आपल्याला जाता येत नाही असं त्याला वाटतं, म्हणून तो मोडकंतोडकं कोरियन शिकतोय. ते दृश्य आलं की थांबव आणि तुझ्या नवऱ्याचा सकाळचा प्रश्न आठव. भेटले का ते दोघं. त्याला तुझी भाषा येत नाही, संथ सिनेमांची, म्हणून जेवढी येते तेवढ्यात तो विचारतो.

'वन्स अगेन' २०१८ चा, शेफाली शाह आणि नीरज कबी. खानावळ चालवणारी विधवा, एक सिनेनट, तिचा डबा त्याच्याकडे जातो आणि ओळख सगळी फोनवर. दिवसभरात काय झालं ते एकमेकांना सांगायचं, एवढंच कितीतरी वेळ चालतं. 'इजाज़त' तू पाहिलाच असशील, गुलजारांचा, १९८७ चा, तो परत बघ आणि या वेळी गाणं बाजूला ठेवून बघ. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये दोन माणसं रात्रभर बसतात आणि लग्न होतं तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आता, लग्न मोडल्यावर, सांगतात. मला त्यांची दयाही येते आणि चीडही येते.

आणि 'रजनीगंधा'. १९७४, बासु चटर्जी, मन्नू भंडारींच्या 'यही सच है' कथेवरून. हा मी आधी ऐकला आणि मग पाहिला. माझी मोठी बहीण बघून आली होती, आम्ही धाकट्या दोघी घरी. रात्री दिवा बंद करून तिने आम्हाला सगळा सांगितला, गाण्यांसकट, विद्या सिन्हाच्या साड्यांसकट. दीपाचा प्रियकर संजय कधी वेळेवर येत नाही, आला की ऑफिसच्या प्रमोशनचंच दळण दळतो, पण निशिगंधाची फुलं आणतो. तिकडे मुंबईत नवीन नावाचा तिचा जुना प्रियकर भेटतो, नीटनेटका, मदत करणारा, आणि दीपाचं मन डळमळतं. बहीण मधेच थांबली आणि आम्हाला विचारलं, तुम्ही कुणाला निवडलं असतं? आम्ही दोघी नवीन नवीन म्हणून ओरडलो. ती म्हणाली, थांबा, उद्या सांगते. तो एक दिवस मला अजून आठवतो. पुढे सिनेमा प्रत्यक्ष पाहिला, छान आहे, फार छान आहे, पण बहिणीच्या आवाजातला माझ्या जास्त जवळचा.

तेव्हा तू एवढंच करायचंस. आज रात्री सिनेमा लावायचा नाही. जेवताना त्याला 'आसा जाओआर माझे' सांगायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मला लिहिलास तसाच. दिग्दर्शकाचं नाव, कुठल्या महोत्सवात गाजला, यातलं काही आधी नको. एक बाई असते, तिची कामावर जायची वेळ झालेली असते, असं सुरू कर. आणि त्यात "बघ, तो तिच्यासाठी किती करतो" असली वाक्यं घुसडलीस तर मग सांगूच नकोस, कारण तो पुढच्या वेळी विचारायचा बंद होईल आणि ते मला तुझ्यासाठी नकोय. रडू आलं तर रड. तुला त्या पलंगाच्या प्रसंगात का रडू आलं हे त्याने अजून एकदाही पाहिलेलं नाही, कारण तो झोपलेला होता. आता जागा असेल.

मधे काही विचारलं, अगदी बाळबोध विचारलं, की मग यांनी एकाच पाळीत नोकरी का नाही घेतली, तर सुस्कारा टाकू नकोस. काम कुठे मिळतं गं मनासारख्या वेळेला. हेच त्याच्याशी बोल. काय माहीत, त्याच्या स्वतःच्या कामाच्या वेळांबद्दल तो तेव्हा पहिल्यांदा काही बोलेल.

मग दोन-चार दिवसांनी 'ब्रीफ एन्काउंटर' एकटी बघ. हो, एकटीच, त्याला झोपू दे, पांघरूण घाल. सकाळी तो बूट घालेल. त्याने विचारायची वाट बघू नकोस, शेजारी जाऊन बस. बूट घालायला किती वेळ लागतो, तीन मिनिटं? धडधडत जाणाऱ्या गाडीच्या धुरातला कण लॉराच्या डोळ्यात जातो, ती चहाच्या खोलीत येते, एक अनोळखी माणूस उठतो आणि मी डॉक्टर आहे, बघू का म्हणतो, रुमालाच्या टोकाने तो कण काढतो. तीन मिनिटांत एवढं सांगून होतं. उरलेलं संध्याकाळी आल्यावर.