मत नसलेल्या खुर्चीतून न्यायासनाकडे

अनेक उत्तम आशीर्वाद.

लष्कराच्या जॅग (जज अ‍ॅडव्होकेट जनरल) या कायदेविषयक शाखेत जायचे आणि पुढे न्यायाधीश व्हायचे, असे तू कळवलेस. पहिल्या टप्प्याबद्दल मी फार लिहीत नाही. ५५ टक्के गुणांसह कायद्याची पदवी, निवड मंडळाची मुलाखत आणि चेन्नईची प्रशिक्षण अकादमी हा मार्ग तुला ठाऊक असेलच. गफलत होते ती दुसऱ्या टप्प्यात. सैन्यातील वर्षे भरली की जिल्हा न्यायाधीशपद आपसूक मिळते असा अनेकांचा समज असतो. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार त्या पदावरील थेट नेमणुकीसाठी वकिलीची सात वर्षे लागतात, आणि जॅग अधिकारी हा सनद घेऊन उभा राहणारा वकील नसून सरकारी सेवक असतो. सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी व अपिले ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाची वाट निराळी आहे. २००७ च्या मूळ कायद्याने, किमान एक वर्ष जज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे या शाखेचा प्रमुख, राहिलेल्या मेजर जनरलला तेथे प्रशासकीय सदस्य होण्याची मुभा दिली; म्हणजे ही वाट मोजक्याच लोकांची. तेव्हा न्यायासनाचा हिशेब मांडून सैन्यात जाऊ नकोस.

मात्र न्यायाधीशाची घडण त्या नोकरीत होऊ शकते, आणि ती कशी होते हे मला उशिरा कळले. जनरल कोर्ट मार्शल या लष्करी न्यायालयात किमान पाच अधिकारी निकाल देतात; जज अ‍ॅडव्होकेट, म्हणजे जॅग शाखेचा अधिकारी, त्यांच्याजवळ बसतो, पुराव्याचा सारांश सांगतो, कायदा समजावतो, पण त्याला मत नसते. माझ्या पहिल्या खटल्यात मी तो सारांश अध्यक्षस्थानी बसलेल्या वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहत वाचला. समोर एक आरोपीही उभा आहे, आणि आपले प्रत्येक वाक्य खरे तर त्याच्यासाठी आहे, हे त्या दिवशी मला सुचलेच नाही. (आजही त्याची लाज वाटते.)

या संदर्भात १९८७ चा रणजित ठाकूर निकाल मुळातून वाच. रणजित ठाकूर हा सिग्नलमन, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातला जवान; ज्या कमांडिंग अधिकाऱ्याविरुद्ध त्याने वर तक्रार केली होती, तोच अधिकारी त्याच्या खटल्यात बसला. या अधिकाऱ्याबद्दल तुझी हरकत आहे का, हा लष्कर कायद्याच्या कलम १३० चा प्रश्नही त्याला विचारला गेला नाही. आणि जेवण नाकारल्याबद्दल एक वर्षाचा कारावास व बडतर्फी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते सारे रद्द केले. ‘मी पक्षपाती आहे का?’ असे न्यायाधीशाने स्वतःला विचारून भागत नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनाला काय वाटेल ते पाहावे लागते, हे सूत्र मला तिथे सापडले. पुढे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच गिल प्रकरणात, आरोपीपेक्षा कनिष्ठ दर्जाचा जज अ‍ॅडव्होकेट विशेष कारण नोंदवल्याशिवाय बसवता येत नाही असे ठरले. ज्याला मतच नाही, त्याच्या हुद्द्याने काय बिघडते, असे वरवर वाटेल. पण बंद दाराआडच्या चर्चेतही तो हजर असतो, आणि ज्याचा शब्द निर्णायक ठरू शकतो त्याच्या तटस्थतेला मतदानाइतकेच मोल असते.

सैन्यातला कायदेतज्ज्ञ दिवसभर वरिष्ठाला सल्ला देतो, आणि ‘साहेबांना काय हवे आहे’ हे ओळखण्यात हळूहळू तरबेज होतो. सल्लागाराला ही हातोटी कधीकधी उपयोगी पडते, न्यायाधीशाला ती घातक आहे. म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक अभिप्राय असा लिही, की ज्याच्याविरुद्ध तो जातो त्याने वाचला तरी त्याला कारण सापडावे.

सुरुवात आताच कर. रणजित ठाकूर निकाल वाचून झाल्यावर, त्या कमांडिंग अधिकाऱ्याने खटल्यात का बसू नये हे त्यालाच पटेल अशा भाषेत, एका पानात, लिहून मला पाठव.

तुझा शुभचिंतक