लंडन झालं, आता गावाकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची लेक इंग्लंडमध्ये रीडिंग शहरात असते. मे-जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. लंडन मागच्या खेपेला झालं, आता त्या गर्दीत जायचं नाही. लेक-जावई सोमवार ते शुक्रवार कामावर, गाडी आम्ही चालवणार नाही. गावाकडचं, जुनं असं काय बघावं? स्टोनहेंज करायलाच हवं का? (निवृत्त शिक्षक, गुहागर)

उत्तर : सर, स्टोनहेंज नाही केलंत तर परत आल्यावर शेजारीपाजारी "अरे, एवढं जाऊन ते नाही बघितलं?" म्हणणारच, त्यामुळे त्यांच्यासाठी करून टाका, पण माझं मत विचाराल तर एव्हबरीला जा. दोन्हीकडे हजारो वर्षांपूर्वी वर्तुळात उभे केलेले प्रचंड दगड आहेत. स्टोनहेंजचं तिकीट वेळ ठरवून काढायचं (आधी ऑनलाइन काढलं की स्वस्त पडतं) आणि दगड बघायचे ते लांबून, आत सोडतात ते पहाटे किंवा संध्याकाळी वेगळं महागडं बुकिंग केलं तरच. एव्हबरीला तिकीट नाही, दगडांना हात लावा, टेकून बसा, कोण काही बोलत नाही, मध्ये मेंढ्या चरत असतात. दगडांचं हे वर्तुळ जगातलं सगळ्यात मोठं, इतकं की गावाचा बराचसा भाग, रस्ता, पब सगळं त्याच्या पोटात बसलंय. आणि गावातली जुनी घरं जरा निरखून बघा, कारण सतराव्या-अठराव्या शतकात लोकांनी यातलेच दगड फोडून घरांना वापरले. दगडाभोवती जाळ करायचा, तापला की थंड पाणी ओतायचं आणि वर घण घालायचा. आज जे उभे दिसतात त्यातले बरेचसे १९३० च्या दशकात मातीखालून काढून परत उभे केलेले आहेत. रीडिंगहून स्विंडनपर्यंत सरळ ट्रेन आहे, पुढे बस.

आता तुमच्या हाकेच्या अंतरावरचं सांगतो. रीडिंगच्या उत्तरेला स्टोक रो नावाचं छोटं गाव आहे, तिथे चक्क काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे! झालं असं, की त्या भागातला रीड नावाचा एक इंग्रज अधिकारी आपल्याकडे उत्तरेत नोकरीला होता, त्याने बोलता बोलता काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितलं की आमच्या गावाकडे पाण्याचे फार हाल, घरातलं उरलेलं पाणी पोराने पिऊन टाकलं म्हणून आईने त्याला बडवलेलं मी बघितलंय. महाराजांच्या ते मनात राहिलं आणि १८६४ साली विहीर तयार झाली. तो सगळा डोंगर चॉकचा, म्हणजे चुनखडीचा, पाऊस पडला की झिरपून खाली जातो, वर टिपूस राहत नाही. जांभ्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, जुलैत ओसंडून वाहतं आणि एप्रिलमध्ये टँकर. खोली किती असेल? ३६८ फूट, आणि सगळी हाताने खणलेली. आपण विहिरी पुरुषात मोजतो ना, तशी मोजली तर साठ पुरुषांच्या वर! वर लोखंडी खांबांचा घुमटीसारखा मंडप, रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती, शेजारी राखणदारासाठी बांधलेलं छोटंसं अष्टकोनी घर. देखभालीचा खर्च निघावा म्हणून महाराजांनी चेरीची बागसुद्धा लावून दिली होती. बघायला पैसे नाहीत, गर्दी नाही. इतिहास शिकवलेल्या माणसाने तरी हे चुकवू नये (तुम्ही कोणता विषय शिकवायचात ते लिहिलं नाहीत, पण तरी).

लेक तिथेच राहते तर तिला नॅशनल ट्रस्टची (जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणारी संस्था) वर्षाची मेंबरशिप घ्यायला सांगा, त्यांच्या बहुतेक ठिकाणी पार्किंगही फुकट होतं. इंग्लिश हेरिटेज ही वेगळी संस्था, चारशेच्या वर जागा त्यांच्याकडे आहेत, आणि परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ठरावीक दिवसांचा पास मिळतो. पण पास घेतला म्हणून रोज दोन-दोन किल्ले उरकत बसू नका हो.

प्रश्न : मी कातळशिल्पांच्या मागे लागलेला माणूस. कशेळीचा हत्ती, बारसूचा सडा सगळं पायाखाली घातलंय. सप्टेंबरमध्ये कामासाठी इंग्लंडला जातोय, एक शनिवार-रविवार मोकळा आहे. आपल्या कातळशिल्पांसारखं तिकडे काही आहे का? (राजापूर)

उत्तर : आहे की! ऑक्सफर्डशरमधला अफिंग्टनचा पांढरा घोडा. साधारण ११० मीटर लांब, हिरव्या डोंगराच्या उतारावर नुसत्या चार-पाच रेषांत काढलेला, आणि वय तीन हजार वर्षांच्या आसपास. पद्धत मात्र उलटी आहे. आपल्याकडे जांभा कोरला की काम झालं, कातळ स्वतःच ते सांभाळतो, तिकडे चर खणून त्यात चॉकचा चुरा ठासून भरलाय, आणि दरवर्षी कुणीतरी ढोपरावर बसून हातोडीने नवा चॉक ठोकला नाही तर गवत चढून घोडा गायब. म्हणजे पिढ्यानपिढ्या, धर्म बदलले, राजे बदलले तरी त्या पंचक्रोशीतल्या लोकांनी हे काम सोडलं नाही. मला तर घोड्यापेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटतं. आता नॅशनल ट्रस्टवाले करतात आणि साधी माणसंही हातोडी घेऊन मदतीला जातात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून त्याला झाकूनसुद्धा ठेवला होता. (आपली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण किती सड्यांवर साधं कुंपण झालंय ते तुम्हीच जास्त जाणता, मी बोलत नाही.)

एक सांगून ठेवतो, अगदी घोड्यापाशी उभं राहिलात तर काहीच कळत नाही, नुसता पांढरा पट्टा दिसतो. खालच्या दरीतल्या रस्त्यावरून अख्खा बघा आणि मग वर चढा. तिथून रिजवे नावाच्या जुन्या पायवाटेने दोनेक किलोमीटरवर वेलँड्स स्मिदी म्हणून त्याहून कितीतरी जुनं दगडी दफनस्थान आहे, झाडांच्या राईत, तेही करा. इथे मात्र गाडी असलेली बरी.

प्रश्न : थंय लोकांच्या शेतातून बिनधास्त चालतत म्हणे, खरा काय? कोण ओरडणा नाय? (मालवण)

उत्तर : होय, खरा आसा! पण वाटेल तिथून नाही. पब्लिक फुटपाथ म्हणून जी वाट नकाशावर आहे तिच्यावरून चालायचा कायद्याने हक्क आहे, मग ती कुणाच्या उभ्या गव्हातून जाईना का, शेतकऱ्याने पेरलं तरी वाट मोकळी ठेवायची. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची, निळा म्हणजे घोडे आणि सायकलवाल्यांनाही मुभा. वाट सोडून आत शिरलात तर मात्र ओरडा खाल. कुंपणाला बेडं असतं तसं फाटक लागतं, ते उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा, आपल्या मनाने काही करायचं नाही, कारण गुरं-मेंढरं त्या हिशोबाने सोडलेली असतात. आणि वासरू असलेल्या गायीच्या जवळ जाऊन सेल्फी नको, तिकडची गाय झाली तरी आईच ती. गवतातून चाललात तर पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गोचीड चिकटलीय का बघा, तिकडच्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

प्रश्न : वेळासला कासवांसाठी दरवर्षी जाते, पक्ष्यांचंही वेड आहे. जूनमध्ये केंब्रिजला भावाकडे जातेय. अभयारण्यं कोणती बघू? (दापोली)

उत्तर : ताई, केंब्रिजजवळ विकन फेन आहे, १८९९ पासून नॅशनल ट्रस्टकडे असलेली पाणथळ जागा, लाकडी फळ्यांची वाट आहे त्यामुळे चिखलात न उतरता फिरता येतं. पण एक अख्खा दिवस काढून सफोकच्या किनाऱ्यावर मिन्समीअरला जाच. महायुद्धात जर्मन सैन्य उतरू नये म्हणून तिथली किनाऱ्यालगतची जमीन मुद्दाम पाण्याखाली घातली. आपण खारबंधारे घालून समुद्राला बाहेर ठेवायला धडपडतो आणि यांनी स्वतःहून पाणी आत घेतलं! युद्ध संपलं आणि १९४७ मध्ये वर वळलेल्या चोचीचा ॲव्होसेट तिथे येऊन घरटी करायला लागला, जो ब्रिटनमध्ये शंभरेक वर्षं वीण करत नव्हता. आज तोच पक्षी आरएसपीबी या त्यांच्या पक्षीसंस्थेच्या चिन्हावर आहे. तिथे लाकडी खोपटी असतात, फटीतून बघायचं, फोन बंद, बोलणं कुजबुजत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढायचे उद्योग आपल्याकडे सर्रास चालतात, तिकडे चुकूनही नको, काही दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास दिला तर तो गुन्हाच आहे, १९८१ चा कायदा आहे तसा.

पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) बघायचे असतील तर उत्तरेला नॉर्थंबरलँडमध्ये सीहाउसेसहून फार्न बेटांवर बोटी जातात. जूनमध्ये पफिन असतात, जुलै संपता संपता समुद्रात निघून जातात. समुद्र खवळलेला असला की बोट रद्द, ते तुम्हाला दाभोळ-हर्णैच्या लोकांना माहीतच आहे, म्हणून हाताशी एक जादा दिवस ठेवा. आणि डोक्यावर जाड टोपी घाला, सुरय जातीचे आर्क्टिक टर्न वाटेच्या कडेलाच अंडी घालून बसलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळूवर थेट चोच मारतात, रक्त काढतात. ओढणीने भागणार नाही.

प्रश्न : गुडघे दुखतात, शाकाहारी आहोत, आणि बाथरूमचं काय? (रत्नागिरी)

उत्तर : शाकाहाराची काळजी सोडा, खेड्यातल्या पबमध्येही एखादा पदार्थ मिळतोच आणि दारू न घेता नुसतं जेवायला बसलं तर कुणी वळून बघत नाही. बाथरूम मोठ्या जागांवर स्वच्छ असतात, पायवाटेवर अजिबात नसतात, तेवढं निघण्याआधी उरकून घ्या. गुडघ्यांसाठी काठी न्या आणि चपला घरी ठेवा, चिखल आपल्या लावणीच्या दिवसांसारखा असतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा फार. रविवारी मात्र खेड्यातल्या बसच्या भरवशावर निघू नका, कित्येक मार्गांवर बस नसतेच.