प्रॉक्सी घेण्याआधी पानांचा हिशेब मांडा

प्रश्न : माझं हार्डवेअरचं दुकान आहे. चार ऑनलाइन दुकानांतल्या दीडशे वस्तूंचे भाव रोज एक्सेलमध्ये यावेत म्हणून भाच्यानं पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून दिला. दोन दिवस चालला, मग साइट अडवायला लागल्या. आता प्रॉक्सी घ्या म्हणतात. कोणती घ्यावी, कोणाकडून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रॉक्सी म्हणजे मधला संगणक : पान तो मागतो, त्यामुळे साइटला तुमच्याऐवजी त्याचा पत्ता दिसतो. पण अडवताना साइट कोणता आकडा पाठवते ते आधी बघा. ४२९ म्हणजे तुम्ही पानं फार भराभर मागताय. दीडशे गुणिले चार, म्हणजे रोज ६०० पानं. प्रत्येक पानानंतर पाच सेकंद थांबलात तरी काम तासाभरात उरकेल. पहाटे लावून ठेवा. पुष्कळदा प्रॉक्सी लागतच नाही. ४०३ म्हणजे साइटनं सरळ नकार दिलाय. तिच्या वापराच्या अटी आणि रोबॉट्स फाइल (प्रोग्रॅमनं कोणती पानं मागू नयेत हे सांगणारी robots.txt) वाचा. तिथं मनाई असेल तर प्रॉक्सी घेऊन ती उठत नाही. ती साइट यादीतून काढा.

तरीही गरज उरलीच, तर दोन प्रकार समजून घ्या. डेटासेंटर प्रॉक्सी स्वस्त आणि वेगवान. पैसे बहुधा दर आयपी पत्त्यामागे (इंटरनेटवर संगणक ओळखण्याचा क्रमांक). पण हे पत्ते सर्व्हर कंपन्यांचे आहेत हे साइटना लगेच कळतं. रेसिडेन्शियल प्रॉक्सीत लोकांच्या घरच्या इंटरनेटचे पत्ते असतात आणि पैसे जीबीवर. खिसा रिकामा होतो तो इथं. महिन्याची १८,००० पानं ब्राउझरमधून चित्रांसकट उघडली, पान २ एमबीचं धरलं, तर ३६ जीबी होतात. नुसतं एचटीएमएल, म्हणजे चित्रांविना पानाचा मजकूर, मागवलं, पानाला १५० केबी, तर २.७ जीबी. म्हणून दर विचारण्याआधी भाच्याला चित्रं बंद करायला सांगा.

घरचे पत्ते आले कुठून, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. ‘९११ एस५’ नावाची सेवा अमेरिकी तपास यंत्रणांनी २०२४ मध्ये बंद पाडली. फुकट व्हीपीएन ॲपमधून लोकांच्या नकळत त्यांचे संगणक ती वापरत होती. घरमालकांची संमती कशी घेतली हे सांगता येत नसेल, तर त्या विक्रेत्याकडे जाऊ नका. फुकटच्या प्रॉक्सींच्या याद्याही नकोत. मधला माणूस कोण हे कळत नाही आणि साध्या एचटीटीपीवरून (पत्ता https नं सुरू न होणाऱ्या साइटवर) जाणारं सगळं त्याला वाचता येतं.

वर्षाचे पैसे आधी भरू नका. सगळ्यात लहान पॅक घ्या, चारही साइटवर पंचवीस-पंचवीस पानं मागवा. ४०७ आला तर चूक तुमच्याकडे : युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा तुमचा पत्ता विक्रेत्याकडे नोंदवलेला नाही. २०० म्हणजे पान मिळालं, पण तो आला म्हणून खूश होऊ नका. कॅप्चाचं (‘तुम्ही माणूस आहात का’ हे तपासणारं) पानही २०० घेऊनच येऊ शकतं आणि त्याचेही जीबी मोजले जातात. पानात भाव खरंच सापडला का, हे प्रोग्रॅमनं तपासलं पाहिजे. या शंभर पानांत पॅकचे जेवढे पैसे खर्ची पडले, त्यांना भावासकट आलेल्या पानांच्या संख्येनं भागा. दोन विक्रेत्यांची तुलना त्या आकड्यावर करा.