आठ वर्षांच्या मुलाची मनोविश्लेषणात्मक थेरपी चार महिने चालू आहे. तिथे तो नुसता खेळतो आणि थेरपिस्ट आम्हाला काही सांगत नाहीत. असं असतं का?

हो, असंच असतं. तुम्ही लिहिलंय की तो शाळेत मुलांना मारतो, रात्री झोपत नाही आणि थेरपिस्ट तुम्हा दोघांनाही वेगळं भेटायला बोलावतात. मी मुलांसोबत हेच काम करते. तुमची घालमेल मला समजते, पण या वर्णनात मला खटकण्यासारखं काही दिसत नाही.

मनोविश्लेषणात, म्हणजे मनात दडलेल्या भावना समजून घेण्याच्या या उपचारात, मोठ्यांना सांगतात तसं 'मनात येईल ते बोलत राहा' असं आठ वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नसतो. म्हणून १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मनोविश्लेषक मेलनी क्लाइन मुलांपुढे छोटी माणसं, प्राणी, गाड्या ठेवू लागल्या. मूल काय मोडतं, कुठे अचानक थांबतं, यावरून त्याच्या मनातली भीती आणि राग कळतो असं त्यांचं म्हणणं. मुलांसोबतच काम करणाऱ्या दुसऱ्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांना खेळाचे असे थेट अर्थ लावणं मान्य नव्हतं, आणि दोघी लंडनला आल्यावर तर हा वाद फारच पेटला. पण मुलाचा खेळ गंभीरपणे घ्यायचा, हे आज या क्षेत्रात सगळेच मानतात.

खोली तीच, वार आणि वेळ तीच, खेळण्यांची पेटी त्याची एकट्याची. बाकी सगळं स्थिर असलं की मुलाच्या वागण्यातला बदल लख्ख दिसतो. समजा, तो दर वेळी हत्तीचं पिल्लू कळपाबाहेर फेकतोय. थेरपिस्ट एवढंच म्हणतील, "या पिल्लाला कुणी आत घेत नाहीये." मग थेरपिस्टच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सेशनला तेच पिल्लू त्यांच्या अंगावर येतं. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. शाळेत इतरांवर निघणारा राग आता त्याला सोडून गेलेल्या माणसावर, त्याच खोलीत निघतोय. थेरपिस्ट चिडत नाहीत, त्याला लागू देत नाहीत, स्वतःलाही लागू देत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा तिथे असतात. आपल्या रागाने समोरचं माणूस नाहीसं होत नाही, हे मुलाला समजावून पटत नाही, ते असं पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं. म्हणूनच वेळ लागतो. आणि म्हणूनच क्रिकेटची मॅच आहे म्हणून सेशन बुडवू नका.

खोलीतलं घरी पोचतं असं त्याला वाटलं, तर तो तिथेही शहाण्यासारखा वागू लागेल. त्यामुळे परतताना "आज काय केलंस?" हे विचारणं टाळा. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याला इजा करत असेल, तर मात्र थेरपिस्टना गप्प राहता येत नाही. शिवाय एकूण प्रगतीबद्दल ठरावीक काळाने तुमच्याशी बोलणं हे त्यांचं कामच आहे. तशी भेट झाली नसेल तर हक्काने मागा.

तुम्हाला बोलावतात ते जाब विचारायला नाही. मूल रात्री ओरडलं की तुमच्या पोटात काय होतं, तुमच्या लहानपणी रागावलेल्या मुलाचं काय व्हायचं, हे बोलून झालं की घरातलं बरंच आपोआप सैल होतं. काही ठिकाणी पालकांसाठी वेगळा थेरपिस्ट असतो. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर ते मला जवळजवळ आवश्यकच वाटतं, कारण त्या वयात स्वतःची, आईवडिलांना बंद असलेली जागा लागतेच.

गुण येतो का? नैराश्य असलेल्या ४६५ किशोरवयीन मुलांवर इंग्लंडमध्ये झालेला मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अल्पकालीन मनोविश्लेषणात्मक थेरपी, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि एक साधा संक्षिप्त उपचार यांची तुलना होती. तिन्हींत मुलं सुधारली आणि कुठलाही एक उपचार स्पष्टपणे सरस ठरला नाही. म्हणजे ही एकमेव वाट नव्हे. सतत हात धुण्यासारखी, स्वतःला थांबवता न येणारी कृती करायला लावणारा ओसीडी हा आजार असता, तर मी स्वतः तुम्हाला आधी सीबीटीकडे पाठवलं असतं. पण तुमच्या मुलासारखा राग आणि न येणारी झोप एकत्र असेल, तर या पद्धतीला वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

थांबवायचंच ठरलं, तर आधी थेरपिस्टशी बोला आणि शेवटची तारीख काही आठवडे आधी ठरवा. पिल्लू बाहेर फेकणाऱ्या मुलाला निरोप घ्यायला पुरेसे सेशन मिळायलाच हवेत.